घाटघर, दुपारची वीज आणि पाण्याची बॅटरी: उदंचन प्रकल्प नेमके कुठे व्हावेत?

पन्नास हर्ट्झ

मागच्या आठवड्यात भंडारदऱ्याहून साम्रदला गेलो होतो. सगळे सांदण दरीकडे वळले, मी घाटघरच्या धरणाशी थांबलो. नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात त्या गावाला. फेब्रुवारीतही वरच्या जलाशयात पाणी होतं, आणि कड्यावरून खाली कोकणात पाहिलं की शहापूरच्या बाजूचं खालचं धरण दिसत होतं. मधे सुमारे चारशे मीटरची उडी आणि डोंगराच्या पोटात वीजगृह.

माझी सगळी नोकरी लोड डिस्पॅचमध्ये, म्हणजे विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या नियंत्रण कक्षात गेली. समोरच्या भिंतीवर फ्रिक्वेन्सीचा आकडा, आणि तो ५० हर्ट्झच्या आसपास ठेवायचा, एवढंच काम तीस वर्षं केलं. त्यामुळे घाटघरकडे मी धरण म्हणून पाहत नाही, साठवलेली वीज म्हणून पाहतो. ज्यांना उदंचन हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: दोन तलाव, एक वर, एक खाली. वीज जास्त असली की खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, वीज कमी पडली की तेच पाणी खाली सोडून टर्बाईन फिरवायचं. यंत्र तेच, एकदा सुलटं फिरतं, एकदा उलटं.

हिशेब सोपा आहे. गच्चीवरची हजार लिटरची टाकी डोळ्यासमोर आणा. तेवढं पाणी चारशे मीटरवरून खाली आलं की साधारण एक युनिट वीज मिळते. घाटघरची क्षमता २५० मेगावॉट, १२५ चे दोन संच. ते पूर्ण जोरात चालले की सेकंदाला अशा सत्तर टाक्या खाली उतरतात. तेच पाणी परत चढवायला दर टाकीमागे सव्वा युनिट लागतं. म्हणजे शंभर युनिटं घातली तर पंचाहत्तर ते ऐंशी परत मिळतात. 'हा तोट्याचा धंदा नाही का?' असं नातेवाइकांनीही मला विचारलंय. दुपारी बाराला नको असलेली शंभर युनिटं देऊन संध्याकाळी साडेसातला हवी असलेली पंचाहत्तर मिळत असतील, तर तो तोटा नव्हे.

घाटघर २००८ च्या सुमारास सुरू झालं तेव्हा कल्पना वेगळी होती. कोळशाचे संच रात्री बंद करता येत नाहीत, म्हणून रात्री उपसा आणि संध्याकाळी वीज. आता घड्याळ उलटलंय. रात्री वीज शिल्लक नसते, दुपारी असते. देशात सौरऊर्जेने २०२५ च्या सुरुवातीला एक लाख मेगावॉटचा टप्पा ओलांडला. ३० मे २०२४ ला देशाची मागणी अडीच लाख मेगावॉटवर गेली होती. ही मागणी सूर्य असताना भागवणं दिवसेंदिवस सोपं होतंय आणि सूर्य मावळल्यावर अवघड. संध्याकाळी सहा ते नऊमध्ये सौर शून्यावर येतं, त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, मिक्सर सुरू होतात. २०३० पर्यंत पाच लाख मेगावॉट बिगर-जीवाश्म क्षमता हे देशाचं उद्दिष्ट आहे. ते गाठलं आणि साठवण झाली नाही, तर दुपारी सौर प्रकल्प बंद ठेवावे लागतील आणि रात्री कोळसाच जाळावा लागेल.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आराखड्यात २०३१-३२ पर्यंत उदंचनाची सुमारे २७ हजार मेगावॉट आणि बॅटरीची ४७ हजार मेगावॉट क्षमता लागेल असं म्हटलंय. २०२४ पर्यंत उदंचनाची क्षमता होती पावणेपाच हजार, तीही कागदावर. त्यातले सरदार सरोवराचे १२०० मेगावॉट वर्षानुवर्षं उलटे फिरवताच आले नाहीत, कारण खाली पाणी अडवायला बंधाराच नव्हता. टर्बाईन आहे, पण उपसायला पाणी नाही. एवढी महागडी चूक परत होऊ नये.

म्हणून माझं म्हणणं: उदंचन हवंच, आणि लवकर हवं. पण राज्यात गेल्या दोन-तीन वर्षांत ज्या संख्येने सामंजस्य करार झाले, ते पाहून मनात प्रश्न येतो की कुठले डोंगर निवडले जातायत आणि कसे. यावर इथल्या जाणत्यांचं मत हवंय.

वैदेही

छान लिहिलंत काका. टाकीचं उदाहरण माझ्या नववीतल्या मुलाला वाचून दाखवलं, त्याने लगेच वहीत गुणाकार करून पाहिला.

एक शंका. एवढं पाणी वर-खाली करण्यापेक्षा बॅटऱ्या का नाहीत? त्यांचे दर तर उतरतायत ना?

सोलरवाला नाना

वैदेही ताई, दर उतरतायत हे खरं आहे. मी स्वतः पॅनल बसवण्याच्या धंद्यात आहे. दोन वर्षांपूर्वी बॅटरी म्हटलं की गिऱ्हाईक उठून जायचं, आता स्वतःहून विचारतं. सरकारी निविदांमधले दरही पार खाली आलेत. बॅटरी दीड-दोन वर्षांत उभी राहते, तिला डोंगर लागत नाही, कुणाचं गाव हलवावं लागत नाही. दोन तास, चार तासांसाठी बॅटरीच स्वस्त पडणार असं माझं स्पष्ट मत आहे. उदंचनाला मंजुरी, भूसंपादन, बोगदे धरून सात-आठ वर्षं सहज जातात. तोपर्यंत बॅटरी आणखी कुठे पोचलेली असेल?

त्यामुळे पन्नास हर्ट्झ, 'हवंच' हा शब्द मला जरा घाईचा वाटतो.

पन्नास हर्ट्झ

नाना, दोन तासांसाठी बॅटरी, हे मान्यच. आराखड्यात बॅटरीचा आकडा मोठा आहे तो त्यामुळेच. पण सहा-आठ तास सलग वीज द्यायची असेल तर बॅटऱ्यांची संख्या त्याच पटीत वाढते. उदंचनात फक्त तलाव मोठा करावा लागतो, यंत्रं तेवढीच राहतात. बॅटरी बारा-पंधरा वर्षांत बदलावी लागते, धरण आणि बोगदा दोन-तीन पिढ्या टिकतात. भंडारदरा १९२६ चं आहे आणि आजही प्रवरेला पाणी सोडतंय.

दुसरं म्हणजे वजन. पाण्याच्या संचात शेकडो टनांचं चाक फिरत असतं. ग्रिडला धक्का बसला की ते चाक आपल्या वेगाने पहिले काही क्षण तोलून धरतं. सौर पॅनलमध्ये फिरणारं काही नाही. बॅटरीकडून हे काम इलेक्ट्रॉनिक्सने करून घेता येतं, आणि ते सुधारतंय, पण मी ज्या खोलीत बसलो तिथे त्या चाकाची किंमत मला कळली.

५ एप्रिल २०२० आठवतंय? रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे बंद करायचे होते. मी तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो. देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॉटने उतरली, आणि नऊ मिनिटांनी परत चढू लागली. ग्रिड टिकली ती मुख्यतः पाण्यामुळे. देशभरातल्या जलविद्युत केंद्रांनी साडेसतरा हजार मेगावॉटच्या आसपास निर्मिती उतरवली आणि परत चढवली. कोळशाला ते जमलं नसतं, बॉयलरला तेवढी चपळाई नसते. त्या रात्री आमच्या खोलीत कुणी बोलत नव्हतं. दहा वाजता कुणीतरी चहा मागवला तेव्हा मला जाणवलं की माझे हात गार पडलेत.

सोलरवाला नाना

हे माहीत नव्हतं. मी त्या रात्री गॅलरीत पणती घेऊन उभा होतो. चाकाचा मुद्दा घेतला.

कातळफूल

मी वनस्पतीशास्त्र शिकवते आणि पंचवीस वर्षं सह्याद्रीचे सडे, म्हणजे कातळाची पठारं, पालथे घालते आहे, त्यामुळे मला जे दिसतं ते सांगते.

उदंचनाला काय लागतं? उंच कडा, वर सपाट पठार, खाली जवळच पाणी. म्हणजे उंचीचा फरक मोठा आणि आडवं अंतर कमी. सह्याद्रीचा माथा म्हणजे नेमकं तेच. अभियंत्याला जी आदर्श जागा, तीच आमची कारवी, तेच आमचे कातळसडे, तीच देवराई. नकाशावर पठार 'पडीक' दिसतं. पावसाळ्यात जाऊन बघा. वीतभर मातीवर, कातळाच्या खळग्यांत ज्या वनस्पती उगवतात त्यातल्या कित्येक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. पठारावर तलाव केला की त्या उचलून दुसरीकडे लावता येत नाहीत. 'एका झाडामागे दहा झाडं' हा हिशेब तिथे चालत नाही, कारण तिथे झाडंच नसतात.

जुलै २०२४ मध्ये पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा निघाला. सहा राज्यं मिळून ५६ हजार चौ. किमीच्या वर, त्यात महाराष्ट्राचे १७ हजार. सहावा मसुदा! पहिल्यापासून अंतिम काहीच नाही. हद्द ठरलेली नसताना करार होत राहिले, तर ज्या दिवशी हद्द ठरेल त्या दिवशी आत राखण्यासारखं किती उरलेलं असेल?

मी उदंचनाच्या विरोधात नाही. तापमान वाढलं तर माझे सडेही वाळणार आहेत, हे मला कळतं. पण जागेची निवड 'उंची किती' यावर थांबते, ते मला मान्य नाही.

मुळशीकर

कातळफूल यांच्याशी सहमत. त्यात एक भर.

आमच्या मुळशीचं पाणी शंभर वर्षांपूर्वी विजेसाठी अडलं. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो त्याच धरणाविरुद्ध. पणजोबांची खाचरं पाण्याखाली गेली, आणि आमच्या घरात वीज आली ती कितीतरी दशकांनी. मुंबईच्या गिरण्या आमच्या पाण्यावर चालल्या, याचा राग नाही, पण ते विसरलं जाऊ नये असं वाटतं.

आता त्याच मुळशीच्या पाण्यावर खाली भिऱ्याला १५० मेगावॉटचा उदंचन संच आहे, नव्वदच्या दशकातला. त्यासाठी नवं धरण बांधलं नाही, नवं गाव बुडालं नाही. जुना तलाव वर, खाली अवजल, म्हणजे वीजगृहातून बाहेर पडलेलं पाणी, फक्त उलटं फिरणारं यंत्र नवं. टाटांनी २०२३ मध्ये शिरवता आणि भिवपुरीसाठी १८०० आणि १००० मेगावॉटचे करार केलेत. तिथेही जवळपास जुने तलाव आहेत. तपशील बघावे लागतील, पण दिशा मला योग्य वाटते. एकदा बुडालेल्या जमिनीचा पुरेपूर उपयोग करा, मग नव्या जमिनीकडे बघा.

पन्नास हर्ट्झ

मुळशीकर, मला हेच म्हणायचं होतं, तुम्ही नेमकं सांगितलंत. उत्तराखंडात टिहरीला हेच केलं. वर टिहरीचं धरण, खाली कोटेश्वरचं, दोन्ही आधीच होती, मधे १००० मेगावॉटचं उदंचन. पहिला संच जून २०२५ मध्ये लागला. त्यातली यंत्रं कमी-जास्त वेगाने फिरू शकतात, म्हणजे उपसतानाही वीज किती ओढायची ते बदलता येतं. ढग आला, सौर घसरलं, तर पंप थोडा हळू. सौरसोबत जगायला हाच गुण लागतो.

दुसरी वाट नदी सोडून. आंध्रात कर्नूलकडे पिन्नापुरमला १६८० मेगावॉट. तिथले तलाव नदीच्या वाटेत नाहीत, जवळच्या जुन्या जलाशयातून एकदा पाणी घ्यायचं आणि तेच फिरवत राहायचं. उडालेलं तेवढं भरून काढायचं. आजूबाजूला सौर आणि पवन. उंची सह्याद्रीएवढी नाही, म्हणून पाणी जास्त लागतं, पण प्रदेश कोरडा आणि जंगल विरळ. आपल्याकडे सातारा-सांगलीच्या पूर्वेकडच्या डोंगररांगा, नगर-बीडकडचा बालाघाट इथे अशा जागा नीट शोधल्यात का? उंची शंभर-दीडशे मीटर मिळाली तरी हिशेब करून बघायला हवा. तलाव मोठा होईल, खर्च वाढेल. तो वाढीव खर्च म्हणजे पश्चिम घाट वाचवण्याची किंमत, असं समजून विजेच्या दरात सगळ्यांनी वाटून घ्यावा. मी द्यायला तयार आहे.

कॅनबेरावासी

इथे ऑस्ट्रेलियात स्नोई २.० चं काम चाललंय, माझ्या घरापासून काही तासांवर. तलाव दोन्ही जुने, टॅलबिंगो आणि टँटँगारा, त्यामुळे मुळशीकरांच्या कसोटीत ते पास. मधे २७ किमीचे बोगदे. क्षमता २२०० मेगावॉट, आणि साठा एवढा की सलग आठवडाभर वीज देता येईल. एकट्या बॅटरीने हे होणं कठीण. मी सुरुवातीपासून त्याच्या बाजूने आहे.

पण हे बघा. २०१७ मध्ये जाहीर झालं तेव्हा खर्च दोन अब्ज डॉलर सांगितला. २०२३ मध्ये बारा अब्ज. २०२५ च्या शेवटाकडे कळलं की बाराही पुरणार नाहीत. बोगदा खणणाऱ्या एका यंत्राचं नाव फ्लॉरेन्स. ते सुरुवातीच्याच टप्प्यात मऊ, ओल्या जमिनीत अडकलं आणि कित्येक महिने जागचं हललं नाही. जमीन आधी पुरेशी तपासली नव्हती, हा त्यातला मोठा धडा. बोगद्याचा पैसा कागदावर वाचवायचा तर चाचणीचं ड्रिलिंग कमी करतात, आणि मग तो दसपट होऊन वसूल होतो.

कातळफूल यांच्यासाठी एक गोष्ट. टॅलबिंगोमध्ये रेडफिन नावाचा बाहेरून आलेला, खादाड मासा आहे. पाणी वर चढवलं की त्याची अंडी-पिल्लंही वर जाणार. वरच्या ओढ्यात एक छोटा स्थानिक मासा आहे, जगात फक्त तिथेच उरलेला. त्याच्यासाठी अडथळे, जाळ्या बसवाव्या लागल्या. दोन तलाव जोडले की फक्त पाणी जात नाही, सगळा संसार जातो. कोयना आणि कोकणातल्या ओढ्यांबाबत असा अभ्यास कुणी मागितलाय का?

कातळफूल

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. घाटमाथ्यावरच्या पूर्ववाहिनी ओढ्यांतले मासे आणि कोकणातल्या पश्चिमवाहिनी नद्यांतले मासे वेगळे. लाखो वर्षं मधे कडा होता. आपण पंपाने तो कडा रोज ओलांडणार. पर्यावरण अहवालात मी झाडांच्या याद्या पाहिल्यात, पक्ष्यांच्या पाहिल्यात, पण या प्रश्नावर ओळसुद्धा वाचल्याचं आठवत नाही.

वैदेही

कोयनेचं नाव निघालं म्हणून विचारते. आजी ११ डिसेंबर १९६७ ची, कोयनेच्या भूकंपाची पहाट नेहमी सांगायची. ती कराडला होती, भिंतीवरची भांडी पडली. डोंगरावर नवं पाणी साठवलं तर भूकंपाची भीती नाही का?

पन्नास हर्ट्झ

प्रश्न रास्त आहे. कोयनेचा जलाशय १०५ टीएमसीचा, खोल आणि जिवंत भेगांच्या प्रदेशात. घाटघरसारख्या प्रकल्पात एका फेरीला फिरणारं पाणी टीएमसीच्या विसाव्या भागाएवढं. वजनाची तुलनाच नाही. तरी कोयनेच्या पट्ट्यात नवा तलाव करायचा तर भूगर्भतज्ज्ञांचा स्वतंत्र अभ्यास हवा, ठेकेदाराने नेमलेल्यांचा नव्हे.

मला भीती वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. अमेरिकेत मिसुरीमध्ये टॉम सॉक नावाचा प्रकल्प आहे, डोंगराच्या डोक्यावर भराव घालून केलेला तलाव. १४ डिसेंबर २००५ ला पहाटे पंप चालू राहिला, पातळी मोजणारे सेन्सर चुकीचा आकडा देत होते, पाणी कडेवरून गेलं आणि भराव फुटला. खालच्या उद्यानातल्या कर्मचाऱ्याचं घर वाहून गेलं, कुटुंब सुदैवाने वाचलं. नदीवरच्या धरणात सांडवा असतो. डोंगरमाथ्यावरच्या तलावात पाणी पंपाने येतं, म्हणून 'पूर येणारच नाही' असं समजून लोक गाफील राहतात. तिथे पुराचा धोका पंपाचाच असतो. सह्याद्रीत त्यावर पाच हजार मिलिमीटर पाऊसही आहे.

जाता जाता, पाणीवाटपाबद्दल एक गैरसमज दूर करतो. कोयनेतून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीतंटा लवादाने ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. साध्या जलविद्युत केंद्रातून खाली गेलेलं पाणी कायमचं कोकणात जातं. उदंचनाचं पाणी परत येतं. त्यामुळे कृष्णा खोऱ्याचं पाणी पळवलं, असं प्रत्येक उदंचनाबद्दल म्हणता येणार नाही. पहिला भराव मात्र कुठून आणि कोणत्या महिन्यात, हे विचारायलाच हवं.

डांगाणी

बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव घाटमाथ्यावर आहे. गावाचं नि प्रकल्पाचं नाव लिहीत नाही, कारण अजून काहीच पक्कं नाही. मागच्या वर्षी माणसं आली, पठारावर खुंट्या ठोकल्या, ड्रोन उडवलं. विचारलं तर म्हणाले सर्व्हे आहे, तुम्हाला वीज मिळणार आहे. गावात वीज आहे साहेब. पावसाळ्यात जाते, चार-चार दिवस येत नाही, पण तारा आहेत.

ज्या पठारावर खुंट्या आहेत ते सातबारावर पडीक. तिथं आमची गुरं चरतात. कडेला हिरड्याची झाडं आहेत, त्याच्यावर वर्षाचा किराणा निघतो. भाताची खाचरं खाली आहेत, त्यांना नुकसानभरपाई मिळेल म्हणतात. गायरानाची कुणाला मिळणार?

आणि पाणी. पाऊस एवढा पडतो की घरं गळतात, पण मार्चपासून बाया झऱ्यावर रांग लावतात. गावाला एकच झरा आहे, कड्याच्या कपारीतला. तुम्ही बोगदा म्हणता तो त्याच कड्यातून जाणार. झरा राहील का? हे विचारलं तर कुणी सांगत नाही.

गुरुवारी ग्रामसभा आहे. पन्नास हर्ट्झ सर, तुम्ही आतले आहात. काय विचारू ते सांगा.

पन्नास हर्ट्झ

दादा, तुम्ही लिहिलंत याचा आनंद झाला. तीस वर्षांत तुमच्या बाजूचा माणूस आमच्या खोलीत कधी आला नाही, आम्ही फक्त मेगावॉट पाहिले.

एक, नकाशा मागा, गट नंबरांसकट. तलावाची रेघ, रस्त्याची, बोगद्यातून निघालेला दगड टाकायच्या जागेची आणि टॉवर लाइनची. बहुतेक वेळा तलावाचीच रेघ दाखवतात, आणि नंतर राडारोडा ओढ्यात येतो. गायरानावरचे सामूहिक वनहक्क दाव्यात घातलेत का, ते आधी बघा. नसतील तर गुरुवारच्या आधी ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे जा.

झऱ्याचा प्रश्न सगळ्यांत मोठा. सह्याद्रीत बेसाल्टचे थर एकावर एक आहेत, पाणी दोन थरांच्या सांध्यातून वाहतं आणि कपारीत बाहेर येतं. बोगद्याने तो सांधा कापला तर पाणी बोगद्यात उतरू शकतं. प्रत्येक ठिकाणी होतंच असं नाही. पण झालं, तर 'झरा आधीपासूनच आटत होता' असं उत्तर मिळेल, आणि तुमच्याकडे पुरावा नसेल. म्हणून ड्रिलिंग सुरू व्हायच्या आधीची मोजणी तुमच्या हातात हवी, वर्षभराची तरी.

कातळफूल

डांगाणी दादा, मोजायला यंत्र लागत नाही. एकच भांडं ठरवा, भरायला किती वेळ लागतो तो घड्याळावर बघा, दर आठवड्याला, त्याच वेळी. दोघा-तिघांच्या सह्या घ्या. पठारावरच्या वनस्पतींसाठी मी माझे विद्यार्थी घेऊन पावसाळ्यात येते. जेवण-राहणं आमचं आम्ही बघू. निरोप टाकते.

मुळशीकर

ठरावात हेही घाला: वीज गावाला कोणत्या दराने, आणि पाण्याचं नळकनेक्शन प्रकल्पाच्या कामाआधी की नंतर. 'नंतर' लिहिलं असेल तर सही करू नका. आमच्याकडे सगळं नंतर होतं.

डांगाणी

सगळ्यांचे आभार. नकाशाचं आणि राडारोड्याचं वहीत उतरवलं. वनहक्काचा दावा गावाने घातलाय, पावती सरपंचांकडे आहे, उद्या झेरॉक्स काढतो.

मोजणी आजच सुरू केली. आईचा पंधरा लिटरचा हंडा घेतला. सकाळी सात वाजता झऱ्यावर भरायला चार मिनिटं दहा सेकंद लागली. शाळेच्या भिंतीवर गुरुजींनी तारखेसकट खडूने लिहिलंय, आणि खाली पुढच्या आठवड्यासाठी जागा सोडलीय.